पाचव्या आवृत्तीतून गेलेलं वाक्य

अर्धविरामाने एक वाक्य गाळलं, असं तिला वाटलं. तिने पेन्सिल टेबलावर टेकवली आणि म्हणाली, "मागे या. एक वाक्य सुटलं."

अर्धविराम म्हणजे तिच्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचणारा सहकारी. दर सहा शब्दांनी खोकायचा म्हणून कचेरीने त्याला हे नाव दिलं होतं आणि त्यानेही ते बिनतक्रार घेतलं होतं. रजेच्या अर्जाखाली तशी सही करून त्याने एकदा सगळ्यांना हसवलंही होतं. एकोणीस वर्षं दोघांचं असंच चाललं होतं. त्याने मूळ प्रतीतला शब्द न् शब्द, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आवाजात कसलीही भावना न आणता वाचायचा आणि तिने समोरच्या मुद्रितावरून पेन्सिलीचं टोक फिरवत चुका धरायच्या. आज अभ्यासवर्गाच्या शब्दावलीची पाचवी आवृत्ती टेबलावर होती. पक्षात नव्याने येणाऱ्यांना अवघड शब्दांचे अर्थ कळावेत म्हणून काढलेली लहानशी पुस्तिका, पण आधीच्या चारही आवृत्त्या हिच्याच डोळ्यांखालून गेलेल्या, त्यामुळे ती तिला तोंडपाठ होती. अर्धविराम एक ओळ वाचायचा तेव्हा तिच्या डोक्यात पुढची ओळ आधीच येऊन बसलेली असायची. 'द' संपत आला होता. दुरुस्तीवाद. मूळ विचाराचे नाव कायम ठेवून त्यातील लढा काढून घेण्याची प्रवृत्ती, पूर्णविराम. सुरुवात नेहमी लहान सवलतीपासून होते, पूर्णविराम. आणि मग एकदम पुढचा शब्द.

"सुटलं नाही," अर्धविराम म्हणाला. "इथे नाहीच ते."

"असं कसं नाही? 'दुरुस्तीवादी माणूस उघड शत्रूपेक्षा घातक, कारण तो आपल्याच घरात बसून आपल्याच भाषेत बोलतो.' दुसऱ्या आवृत्तीपासून आहे."

"असेल. या प्रतीत नाही. हे बघा," असं म्हणून त्याने कागद तिच्याकडे फिरवला आणि संधी साधून पोटभर खोकून घेतलं.

खरंच नव्हतं. मुद्रितातही नव्हतं आणि मूळ प्रतीतही नव्हतं. त्याच्या जागी दुसरंच एक वाक्य होतं, गुळगुळीत, हात लावला तर निसटेल असं: मात्र परिस्थिती ओळखून केलेली प्रत्येक तडजोड म्हणजे दुरुस्तीवाद नव्हे. तिने एकतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्या क्षणी केलं. मूळ प्रतीत नसलेलं आपल्या मनाने घालायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. लेखकाने सूर्य पश्चिमेला उगवतो असं लिहिलं तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं, सूर्याला हात लावायचा नाही. तिने मुद्रितात खूण केली आणि समासात आपल्या गोल, टपोऱ्या अक्षरात ते वाक्य आठवणीतून लिहून टाकलं. अर्धविराम बघत राहिला. "बाई," तो हळूच म्हणाला, "काढलं असेल त्यांनी. सुटलेलं वेगळं आणि काढलेलं वेगळं." तिने ऐकलं नाही. आपल्याला राग आला आहे की भीती वाटते आहे हे तिला कळेना. 

कारण ते वाक्य तिचं होतं. हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असलेले, एक सोडला तर, एकेक करून गेले होते. पक्षाची बैठक, सायकलच्या दुकानावरची खोली, खालून येणारा टायरच्या रबराचा वास, चौदा माणसं आणि आठ खुर्च्या. सव्वीस वर्षं झाली होती, पण कोण कुठे बसलं होतं हे ती आजही सांगू शकली असती. कारखान्याचा संप सुरू होऊन पाच महिने झाले होते. नव्वद कामगारांना काढून टाकलेलं होतं आणि मालकाने निरोप धाडला होता की साठ जणांना परत घेतो, तीस जणांना नाही. तिचा नवरा तेव्हा कामगारांचा अभ्यासवर्ग घ्यायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मास्तर उठून म्हणाला होता की साठ घ्या, साठ जण आत गेले तर उरलेल्या तिसांसाठी आतून भांडता येईल. पोटात काही नसलेली माणसं फार दिवस बाहेर उभी राहत नाहीत. खोलीत कोणीतरी हळूच 'रिव्हिजनिस्ट', दुरुस्तीवादी, असं म्हणालं. मग तो शब्द एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी गेला आणि प्रत्येक वेळी थोडा मोठा झाला. सेक्रेटरीने विचारलं, कोणाला बोलायचंय? आणि ती उठली. कोणी तिला उठवलं नव्हतं. घाबरूनही ती उठली नव्हती. तिला मनापासून वाटत होतं की साठांचा सौदा म्हणजे तिसांच्या पाठीत सुरा आहे आणि तो सुरा आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चहा पिता पिता परजला गेला. तेव्हा तिच्या तोंडून ते वाक्य आलं. जसंच्या तसं, एकही शब्द न अडखळता. मास्तरला पक्षातून काढायचं मतदान झालं तेव्हा पहिला हात तिचा होता. आणि मास्तरने तिच्याकडे बघून मान हलवली; वर्गात एखाद्याने नेमकं उत्तर दिलं की हलवायचा तशीच.

त्यानंतर दोघं बरोबरच घरी गेली. दुसरं करणार काय, घर एकच होतं आणि किल्लीही एकच. शेजारच्या शिंपिणीकडे ठेवलेली सहा वर्षांची लेक तिने कडेवर घेतली, त्याने दार उघडलं, तिने कणीक मळली, त्याने ताटं मांडली. जेवताना तिने त्याला विचारलं, "तुम्हाला आणखी वाढू का?" लग्न झालं तेव्हा दोघांनी ठरवलेलं होतं की नवराबायको म्हणून एकमेकांना तूच म्हणायचं, अहोजाहो करायचं नाही, सासूबाईंनी त्यावरून आठ दिवस तोंड फुगवलं होतं. त्या दिवशी तिच्या तोंडून तुम्ही आलं ते कायमचंच. त्याने ऐकलं आणि मीठ मागितलं. महिन्याभराने शब्दावलीची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात सेक्रेटरीने तिचं वाक्य जसंच्या तसं घातलं होतं. नाव अर्थातच नव्हतं; पुस्तिकेत कोणाचंच नसायचं. त्या पानाचं मुद्रित तिनेच तपासलं. एकही चूक निघाली नाही. संप आणखी चार महिने चालला, नव्वदांतला एकही आत गेला नाही, आणि मग कारखानाच उठून दुसरीकडे गेला. त्यावर कोणी काही बोललं नाही. मास्तरही नाही. त्याने शीतगृहात हजेरी मांडायची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत अंगात स्वेटर घालून फिरला, भर उन्हाळ्यातसुद्धा.

हे सगळं ती काही रोज आठवत बसायची नाही. पण ते वाक्य होतं, छापलेलं होतं, दर आवृत्तीत पुन्हा छापलं जात होतं, तोवर त्या दिवसाला एक आधार होता. वाक्य खरं असेल तर तिने नवरा गमावला तो न्यायाने गमावला होता. घरात सव्वीस वर्षं जे थंड, नम्र, आवाज न चढवणारं आयुष्य चाललं होतं त्याची काहीतरी किंमत तिने वसूल केली होती. आणि वाक्य जर कोणाला नकोसंच झालं असेल तर तिने काय केलं होतं? हा प्रश्न तिला कधीच पडला नव्हता असं नाही. पण पडला की ती पेन्सिलीला टोक करायला घ्यायची.

दुपारी चहानंतर प्रमुख स्वतः मुद्रित घेऊन खाली आला. प्रकाशनाचा प्रमुख आता बावन्न-त्रेपन्नचा, डोक्यावर मोजून चार केस. पण त्या खोलीतल्या चौदा जणांत तो सर्वांत लहान होता, खुर्ची न मिळाल्यामुळे दाराला टेकून उभा होता. "बाई, हे काय?" त्याने समासावर बोट ठेवलं. "तुमच्याकडून असलं कधी होत नाही. ते वाक्य काढलंय आम्ही."

"का?"

"अहो, ती भाषा आता चालत नाही. शत्रू काय, घातक काय. नवीन पोरं वाचून पळून जातील. आता आपल्यालाच चार जणांशी जुळवून घ्यावं लागतं, मग आपल्याच पुस्तकात हे कशाला? शब्द ठेवलाय ना. फक्त धार काढली." तो समजावणीच्या सुरात बोलत होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. "इतकं टोकाचं त्या काळी लिहिलं तरी कोणी, कोण जाणे."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या दिवशी टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरून याने एकट्यानेच टाळी वाजवली होती आणि सेक्रेटरीने डोळे वटारले होते. तो नाटक करत नव्हता. नाटक तिला कळलं असतं. त्याच्या डोक्यातून ते खरोखरच पुसलं गेलं होतं. "मग मास्तरला काढलं ते?" तिने विचारलं. "त्याने दुसरं काय सांगितलं होतं? हेच, जे तुम्ही आता छापताय."

"मास्तरांना कोणी काढलं?" प्रमुख खरोखरच गोंधळला. "ते स्वतःहून गेले. राजीनामा आहे ना इतिवृत्तात. मागच्या वर्षी इतिहासाचं काम करताना मी स्वतः वाचलंय. प्रकृतीच्या कारणास्तव." आणि मग एकदम आठवल्यासारखा म्हणाला, "कशी आहे आता त्यांची प्रकृती?"

तिने रबर घेऊन समासातलं वाक्य खोडलं. नीट, कागद न दुखावता. अर्धविराम तोपर्यंत खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत होता, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. मग दोघांनी 'ध' वाचायला घेतला.

पाच वाजता ती बाहेर पडली आणि नेहमीची बस सोडून चालत निघाली. रस्त्यावर दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी मारलेलं होतं, माणसं कामावरून सुटली होती, कोणाच्या पिशवीचा कोपरा तिला लागला आणि त्या बाईने माफ करा म्हटलं. किती सोपं असतं, तिला वाटलं. पिशवी लागली की माणूस माफ करा म्हणतो आणि पुढे जातो. तिला आपली फसवणूक झाली आहे असं वाटत होतं, आणि हा शब्द तिने मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिला, फसवणूक. पण कोणी फसवलं म्हणायचं? तिच्याकडून कोणी काही काढून घेतलं नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने दिलं होतं, आणि आता घेणारे म्हणत होते, आम्ही घेतलंच नव्हतं. प्रकृतीच्या कारणास्तव. उन्हाळ्यात स्वेटर घालून फिरणारा माणूस, हीच ती प्रकृती. पुलावरून उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून एकच गोष्ट घोकतो आहोत: माझं चुकलं. दोन शब्द. सव्वीस वर्षांत मीठ, पाणी, औषध, वीज, लेकीचं लग्न, लेकीचं मोडलेलं लग्न, सगळ्याविषयी बोलणं झालं होतं, एवढे दोन शब्द तेवढे राहिले होते. आतापर्यंत ते वाक्य मध्ये उभं होतं. आता ते हललं होतं, तर त्या मोकळ्या जागेतून निदान त्याच्यापर्यंत जाता येईल. त्याने काही म्हटलं नाही तरी चालेल. ओरडला तर फारच बरं. जिना चढताना ती जवळजवळ घाईत होती.

घरी लेक आलेली होती. गुरुवारी तिच्या दवाखान्याला अर्धी सुट्टी असायची. ती लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलते करायची आणि आल्या आल्या बापाचा खांदा फिरवून बघायची. मास्तर जेवणाच्या टेबलावर घोंगडी पसरून शर्टांना इस्त्री करत होता. निवृत्त झाल्यापासून घरातली इस्त्री त्याची. कॉलर, मग खांदा, मग बाही, ठरलेल्या क्रमाने. गरम कापडाचा वास खोलीभर होता. लेकीसमोर बोलावं की नको, असा तिने क्षणभर विचार केला, आणि मग वाटलं, लेकीसमोरच. चपला काढता काढताच ती म्हणाली, "शब्दावलीतलं ते वाक्य काढलं आज. दुरुस्तीवादाचं."

इस्त्री क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. "अस्सं," तो म्हणाला.

"कुठलं गं? बाबांना ज्याच्यावरून हाकललं ते?" लेकीने खुर्चीतून मान वळवली. "बरं झालं. सव्वीस वर्षांनी का होईना, अक्कल आली म्हणायची. तो सेक्रेटरी किती दुष्ट असेल नाही? असलं वाक्य सुचायलासुद्धा मन तसंच लागतं."

"तुला काय माहीत ते कोणाला सुचलं?"

"बाबांनी सांगितलंय ना. सगळ्यांनी हात वर केले. तू असतीस तर एकटी तरी त्यांच्या बाजूने उभी राहिली असतीस. पण मला नेमका त्याच दिवशी ताप आला." लेक हसली. "लहानपणी मला किती अपराधी वाटायचं माहितीये? वाटायचं, मी आजारी पडले नसते तर आईने बाबांना वाचवलं असतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बाहीची घडी बोटांनी सारखी करत होता. लेकीचा फोन वाजला, एका पेशंटला व्यायाम नीट जमत नव्हता, आणि ती बोलत बोलत गॅलरीत गेली. काचेचं दार तिने मागे ओढून घेतलं.

"हे काय सांगितलंयस तिला?" सव्वीस वर्षांनी तिच्या तोंडून पुन्हा तू आलं.

"सात वर्षांची होती तेव्हा. शाळेत कोणीतरी तिला काहीबाही बोललं. घरी येऊन विचारायला लागली, आईनेसुद्धा हात वर केला का?" तो हळू बोलत होता, नेहमीसारखाच. "मी काय सांगणार होतो?"

"खरं सांगायचं होतं."

"सात वर्षांच्या पोरीला? तिला तुझ्याच कुशीत झोपायचं होतं रात्री."

"आणि नंतर? ती वीस वर्षांची झाली तेव्हा? तिशीची झाली तेव्हा?"

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "नंतर सांगता सांगता मलाही तसंच दिसायला लागलं. खोटं नाही सांगत. ती खोली डोळ्यांपुढे आणली की सगळे दिसतात. सेक्रेटरी दिसतो, दाराला टेकलेला तो पोरगा दिसतो. तू नाही दिसत. तुझ्या खुर्चीवर कोणीच नसतं."

"मी होते." आपला आवाज चिरकला आहे हे तिला ऐकू आलं. "सगळ्यांत आधी हात मी वर केला. ते वाक्य माझं होतं. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस."

"माहीत आहे गं मला. माहीत आहे, पण आठवत नाही. माझं त्यावरच निभावलं. दुसऱ्या कशावर निभावलं असतं?" तो जवळ आला आणि तिच्या खांद्यावरची पर्स त्याने उतरवून घेतली, जड आहे म्हणून. "आता कशाला उकरतेस? त्यांनी वाक्य काढलं, पोरीच्या मनात तू चांगली आहेस, मला त्रास नाही. जे हाताला लागतंय ते घ्यावं. सगळ्यांनाच बरं आहे हे."

माझं चुकलं, हे दोन शब्द जिभेवर तसेच राहिले. ते ठेवायला जागाच नव्हती. ज्या माणसाशी ती वाईट वागली होती तोच सांगत होता की तू तिथे नव्हतीस. त्याने क्षमा केली नव्हती. क्षमा करायची वेळच येऊ नये अशी त्याने व्यवस्था केली होती. आणि किती प्रेमाने, किती बारकाईने, कॉलरपासून बाहीपर्यंत. तिच्या आयुष्यात पूर्ण अंतःकरणापासून, कोणाच्या सांगण्याशिवाय केलेली एकच गोष्ट होती. ती वाईट होती, मान्य. चुकीची होती, हेही आज कळलं. पण ती तिची होती. कचेरीने ती पुस्तकातून काढली, इतिवृत्ताने तिला राजीनामा म्हटलं, आणि घरात, शर्टांच्या घड्यांबरोबर, ती केव्हाच आवरून ठेवलेली होती. तिला नवऱ्याचा इतका राग आला की त्या खोलीतसुद्धा तिला इतका आला नव्हता. तेव्हा निदान तो समोर उभा होता आणि म्हणत होता की माझं मत हे आहे.

काचेचं दार सरकलं. लेक आत आली, फोन खिशात टाकत, चेहऱ्यावर पेशंटसाठीचं हसू अजून तसंच. "काय झालं? दोघं अशी का उभी आहात?"

"त्या दिवशी तुला ताप नव्हता," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"मीटिंगच्या. तू शिंपिणीकडे होतीस, चिंध्यांशी खेळत होतीस, ठणठणीत. मी मीटिंगला गेले होते. ते वाक्य मी बोलले. तुझ्या बाबांविरुद्ध पहिला हात माझा होता."

लेकीने आईकडे पाहिलं, मग घोंगडीवरच्या शर्टाकडे, आणि मग बापाकडे. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि बत्तीस वर्षांच्या त्या चेहऱ्यात एकदम सहा वर्षांची पोर दिसायला लागली. "बाबा?"

मास्तरने इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली होती. एक वेढा, दुसरा वेढा. बायकोकडे त्याने बघितलं नाही. हो, एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्या खोलीत त्याने कोणाची पर्वा न करता तोंड उघडलं होतं, तसं एकदा उघडायचं होतं. ती वाट बघत राहिली.

"होता," तो म्हणाला. "एकशे दोन. कपाळावरच्या पट्ट्या बदलत दिवसभर तुझ्या उशाशी बसून होती ती." आणि मग अगदी मऊ आवाजात, "दमलीय आज. कामावर काहीतरी झालंय."

लेकीचे खांदे खाली आले. ती पुढे झाली, तिने आईला खुर्चीत बसवलं आणि रोज कितीतरी म्हाताऱ्या माणसांशी बोलते त्याच सुरात म्हणाली, "होतं गं असं, आई. इतकी वर्षं झाली, आठवणींची सरमिसळ होते. झोप लागते ना नीट?" आणि उत्तराची वाट न बघता तिने आईच्या कपाळावर हात ठेवला.